थोरला खाली आला

३ जानेवारी

धाकट्या,

थोरला पाडायचं ठरलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितेय. नाहीतर सात वर्षं जे पत्र लिहिलं नाही, ते आजच लिहायचं काही कारण नव्हतं. पत्ता तराफेवाल्यांनी दिला. नदीच्या मुखाशी मोठी लाकूडगिरणी आहे, तिथे तू फळ्या रचतोस आणि जेवणाच्या सुट्टीत कुणाशी बोलत नाहीस, एवढंच ते सांगतात.

मागच्या आठवड्यात मुकादम घरी आले. बाबांना अपघात झाल्यापासून त्यांनी आपला उंबरा ओलांडला नव्हता. टोपी हातात घेऊन बराच वेळ दारातच घुटमळले. बंदरावर एक मोठं जहाज बांधतायत, त्याचा तळाचा कणा एकाच लाकडाचा हवा. साठ हात सरळ, सांधा नको, गाठ नको. असं झाड या खोऱ्यात एकच उरलंय, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. ओढ्याच्या वरच्या उतारावर आपण ज्याच्या मुळांच्या बेचक्यात बसून बाबांच्या सुट्टीची वाट बघायचो, तेच. आपले आजोबा तरुण होते तेव्हाही त्याला थोरला म्हणत.

मुकादमांची अडचण वेगळीच आहे. झाड पाडणारे हात त्यांच्याकडे आहेत. पण एवढं झाड आपल्याच वजनाने आपटून फुटतं. पडताना मधोमध तडा गेला, की जहाजाचा कणा जाऊन सरपण उरतं. ते न फोडता खाली कसं आणायचं हे सांगणारा माणूस एकच आहे, आणि तो आपल्या पडवीत बसून दोर वळत असतो.

बाबांना तू शेवटचं पाहिलंस ते कळवळत असताना. आता डावा पाय गुडघ्याखाली ताठ आहे. "माझ्यात आता निम्मं लाकूडच आहे," असं स्वतःच म्हणून हसतात. डोळ्यांना उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. त्यांनी मुकादमांना सांगितलं, की येईन, पण बघायला नाही, ऐकायला येईन. मुकादमांना ते कळलं नाही. मान मात्र डोलावली.

करवतींना धार मी लावते. बाबांचा पाय गेल्यावर मी हे काम शिकले असं इथे सगळे समजतात. तूही तसंच समजत असशील.

बरा आहेस ना?

ताई

१८ जानेवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. ते येईल असं धरून मी लिहीत नाहीये, तेव्हा काळजी नको.

बाबांना बैलगाडीतून वर नेलं. ओढ्याच्या पुढे गाडी जात नाही, तिथून लंबूने पाठीवर घेतलं. लंबू म्हणजे आताचा पहिला करवत्या. तू गेल्यावर आला. उंचीला एवढा, की आपल्या दारातून वाकून येतो आणि तरी रोज कपाळमोक्ष करून घेतो. बाबा त्याच्या पाठीवरून म्हणाले, "आयुष्यभर लाकडं वाहिली, आता लाकूड माणसाच्या पाठीवर बसलंय." लंबू इतका हसला, की दोघंही पडायचे.

थोरल्याजवळ गेल्यावर मात्र कुणी हसलं नाही. तुला आठवत असेल, पण आठवण आणि समोर असणं यांत फरक आहे. चार माणसांनी हात पसरून कवेत घेतलं, तरी पाचव्याचा एक हात लागला. खाली उभं राहून वर पाहिलं, की पहिली फांदी येईपर्यंत मान दुखते, आणि तिथून पुढे झाड खरं सुरू होतं. मुकादमांनी सावली मोजून उंची काढली. एकशेवीस हात भरली. त्यांना पटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली. तेवढीच.

बाबांना खाली ठेवलं, तेव्हा त्यांनी आधी तळहात टेकवला. मग गाल. मग कान. घटकाभर तसेच राहिले. बुंध्याभोवती फिरून चार ठिकाणी ऐकलं, कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकलं, पुन्हा ऐकलं. शेवटी म्हणाले, "पोकळ नाही. इतका म्हातारा, आणि आतून एकसंध." त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. स्वतःच्या वडिलांबद्दल बोलल्यासारखा.

तेव्हापासून दहा दिवस अंथरूण चाललंय. बाबांचाच शब्द आहे हा. झाड उताराच्या वरच्या अंगाला पाडायचं, म्हणजे त्याला कमी अंतर पडावं लागतं. आणि जिथे ते आडवं होणार, तिथे दगड उचलून टाकायचे, खळगे मातीने भरायचे, वर बारीक झाडं तोडून आडवी टाकायची, त्यावर फांद्या, त्यावर पाला. छातीएवढी उंच गादी, नव्वद हात लांब. वरचा शेंडा मोडला तर मोडू दे म्हणतात. बावीस माणसं त्याच कामात आहेत. एकाने कुरकुर केली, की नवरीसाठीसुद्धा एवढी गादी कुणी घालत नाही. बाबा म्हणाले, "नवरी पडून फुटत नाही."

एक मोठा खडक हलेना. आठ जणांनी पहारी लावल्या. बाबांनी काठीने जागा दाखवली, की इथे लाकडाचा ठोकळा ठेवा आणि त्यावरून पहार रेटा. खडक कुरकुरला आणि लोळत ओढ्यात गेला. बाबांना तो दिसतही नव्हता. मी विचारलं, जागा कशी कळली? म्हणाले, तुम्ही रेटत होतात तेव्हा तो कुठे घासतोय ते ऐकू येत होतं.

हे सगळं बघताना तू इथे असायला हवा होतास असं सारखं वाटतं. त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. एवढंच, की माणसं आता तुझं नाव घेतात तेव्हा पूर्वीसारखं थुंकून घेत नाहीत.

ताई

२ फेब्रुवारी

धाकट्या,

मागच्या पत्रात लिहिलं होतं, की त्या दिवसाबद्दल लिहिणार नाही. ते खोटं ठरवतेय. हे पत्र बसून वाच.

मी धार लावायला बाबांचा पाय गेल्यावर शिकले नाही. त्याच्या वर्षभर आधीपासून लावत होते. बाबांच्या डोळ्यांवर तेव्हाच पडदा येऊ लागला होता. करवतीचे दात त्यांना दिसेनात. मुकादमांना कळलं असतं तर कामावरून काढलं असतं, म्हणून ते घरात दार लावून बसायचे, मी कानस चालवायची, आणि सकाळी करवत त्यांच्या खांद्यावरून जायची. तुलाही सांगितलं नव्हतं. तुझ्या पोटात काही राहत नाही असं बाबांचं मत होतं.

करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवतात, हे तुला ठाऊक आहे. दोन्हीकडे अगदी सारखे वाकवले तरच करवत सरळ जाते. एका बाजूला जास्त झाले, की ती त्या बाजूला ओढते. बाहेरून डोळ्याला कळत नाही. लाकडात चार बोटं शिरल्यावर कळतं.

ज्या झाडाने बाबांचा पाय घेतला, ते पाडायच्या आदल्या संध्याकाळी मी घाईत होते. खालच्या अंगाचे दात जास्त वाकले. मला शंका आली होती. बाबांनी बोटं फिरवली आणि म्हणाले, चालेल. मी पुन्हा बघितलं नाही.

बाकीचं तू स्वतः पाहिलंस. पुढची खाच बरोबर होती. मागच्या कापाची रेघ तू मारलीस, खाचेपेक्षा वीतभर वर, जशी हवी तशी. मध्ये ती पायरी राहिली, की बुंधा मागे सरकू शकत नाही. पण करवत झुकत झुकत खाली गेली आणि पायरी उरलीच नाही. तू ओरडलास, की करवत खाली ओढतेय. बाबा म्हणाले, तू सरळ ओढ. मग झाड गेलं, आणि बुंधा मागे येऊन बाबांवर बसला.

सगळ्यांनी मागे उरलेला खुंट पाहिला. काप खाली होता. रेघ तू मारली होतीस आणि ती भुशात गेली होती. बाबा झोळीत पडल्या पडल्या सर्वांसमोर म्हणाले, की तुझ्या हातात करवत दिली ही माझी चूक. तू काही बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी कुऱ्हाड खुंटीवर होती आणि तू नव्हतास.

आता जे सांगायचं ते सांगते. तुला शिव्या देत सगळे बाबांना खाली आणत होते, तेव्हा करवत घेऊन मी मागे राहिले. दातांवर डोळा धरून बघितलं. स्पष्ट दिसत होतं. कुणालाही दाखवलं असतं तर कळलं असतं. मी तिथेच खुंटावर बसले, हातोडी घेतली आणि दात सारखे केले. एकेक. मग राळ पुसली आणि करवत मुकादमांच्या हातात दिली. त्यांनी बघितली आणि म्हणाले, करवतीत काही दोष नाही.

दात चुकणं ही चूक होती. ते सरळ करणं ही चूक नव्हती. त्याला दुसरा शब्द आहे आणि तो तुला माहीत आहे.

थोरल्यासाठी लोहाराने दोन करवती जोडून एक केली आहे, आठ हात लांब. तिचे दात मी घासायला घेतले आणि माझा हात चालेना. तीन दिवस चालेना. काल दुपारी बाबांना सगळं सांगितलं. दोर वळत होते, थांबले नाहीत. म्हणाले, "मला तेव्हाच ठाऊक होतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"करवतीचं एक टोक माझ्या हातात होतं," ते म्हणाले. "ती कुठे ओढतेय हे मला कळत नव्हतं का? आणि चालेल म्हणणारा मीच."

मग तुम्ही त्याला का बोललात, मी विचारलं.

"तो पोरगा. वाट फुटेल तिकडे जाऊन पोट भरेल असं वाटलं. माझा पाय गेलेला, डोळे गेलेले. तुझ्या हातातली कानसही काढून घेतली असती, तर तू कुठे गेली असतीस?"

मी म्हणाले, "हे आपण त्याला विचारलं का?"

त्यावर बाबांनी दोर खाली ठेवला. मग म्हणाले, लिही त्याला. मी सांगितलं, लिहितेच आहे. म्हणाले, माझंही लिही. जसं बोललो तसंच लिही, गोड करू नकोस.

तसंच लिहिलंय.

ताई

१४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुला लिहून मोकळं व्हायचं आणि इथे तोंड बंद ठेवायचं, हे जमेना. पाच तारखेला सकाळी सगळे अवजारं घ्यायला आले, तेव्हा मी सांगितलं. बावीस माणसं, मुकादम, बैलवाले काका. आवाज चांगला निघाला, याचं मलाच नवल वाटलं. तुझी रेघ बरोबर होती हे दोनदा सांगितलं. बाबा शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, दोष माझाही आहे, अर्ध्याहून जास्त.

मुकादम एवढंच म्हणाले, "हे सात वर्षांपूर्वी सांगायचं होतंस, बाई." बैलवाले काका बाहेर जाऊन बैलांजवळ उभे राहिले. तुला सगळ्यांत जास्त शिव्या त्यांनी दिल्या होत्या. मला वाटलं, आता कुणी माझ्या करवतीला हात लावणार नाही. लंबूने ती लांबलचक करवत उचलली, दातांवर डोळा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, आणि परत माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाला, "पुन्हा एकदा बघ. मग दे." मी दिवसभर बघितली. दोन दात मिळाले, केसाएवढे बाहेर. नीट केले आणि दिली.

आता थोरल्याचं सांगते.

बुंधा खाली फार फुगलेला, म्हणून खाचा पाडून त्यात फळ्या रोवल्या आणि माणसं जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर उभी राहिली. पुढची खाच कुऱ्हाडींनी पाडायला दोन दिवस गेले. खाच झाली तेव्हा मुकादम आत जाऊन बसले. बसले म्हणजे खरंच मांडी घालून बसले, आणि डोक्यावर हातभर जागा उरली. आतलं लाकूड मधाच्या रंगाचं होतं. वास असा, की खाली ओढ्यापर्यंत येत होता.

मग मागून करवत लागली. मी खाली उभी, नजर भुशावर. धार बरोबर नसली तर भुसा पिठासारखा पडतो. बरोबर असली, तर लांब लांब दोरे पडतात. पहिले चार हात मारले आणि वरून माझ्या खांद्यावर वीतभर लांबीचा दोरा येऊन पडला. मी तो उचलून बाबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली.

एक दिवस करवत चालली. राळ चिकटली, की लंबू बाटलीतलं तेल ओतायचा. मागून लोखंडी पाचरी घणाने ठोकत होते, म्हणजे झाडाचं वजन करवतीवर बसू नये. प्रत्येक घावासरशी आवाज खोडातून वर जायचा आणि किती वेळाने शेंड्याची पानं हलायची. त्या हलण्याकडे मी बघत राहायची. इथे ठोकलेलं तिथे पोहोचायला वेळ लागतो, एवढं ते मोठं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा अजिबात नव्हता. बाबांना दोर बांधून फळीवर चढवलं. मुकादम नको म्हणत होते. बाबांनी खोडाला कान लावला आणि हात वर केला. हात वर असेपर्यंत करवत चालायची, खाली आला की थांबायची. असं तासभर. थांब, एक पाचर. चालू दे. थांब. एकदा करवत थांबली आणि मलाही ऐकू आलं, आतून, कुठेतरी फार खोलवर, दोरी ताणल्यासारखं. बाबा अगदी हळू म्हणाले, "आता त्याचं तो बघेल. उतरा सगळे."

लंबूने बाबांना खांद्यावर टाकून उतरवलं. सगळे बाजूला पळाले. झाड मात्र तसंच उभं. मला वाटलं, काही होतच नाहीये. मग शेंडा आभाळातून सरकला. एवढा सावकाश, की ढग हलतोय की झाड हे कळेना. मग लाकूड फाटल्याचा आवाज आला, एक, दोन, मग एकसारखा, आणि अख्खी टेकडी आमच्या बाजूने झुकतेय असं वाटलं. शेवटचा अर्धा भाग कसा झाला ते मी सांगू शकत नाही. जमिनीने मला उचललं आणि खाली ठेवलं. वाऱ्याने दोघा-तिघांना आडवं केलं. नंतर पाला, धूळ, साली, पक्ष्यांची घरटी, कितीतरी वेळ वरून पडतच होती.

आणि मग उजेड आला. तिथल्या जमिनीवर ऊन कधी पडलंच नव्हतं रे. शेवाळ, नेच्याची झुडपं, मुळं, सगळं एकदम उघडं पडलं, झोपेतून उठवल्यासारखं. सगळे वर बघत राहिले. काकांचे बैलसुद्धा माना वर करून उभे. मी रडत होते, ते आनंदाने की कशाने, ते मला विचारू नकोस. इतकं मोठं काही मी पुन्हा कधी बघणार नाही, आणि ते पाडण्यात माझा हात आहे, दोन्ही एकदम कळत होतं.

बाबा काठी टेकत बुंध्यापासून चालत गेले, एक हात खोडावर ठेवून. नव्वद हात. कुठे तडा लागतोय का बघत. परत आले आणि मुकादमांना म्हणाले, "घ्या तुमचं जहाज."

ताई

९ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र लाकडाबरोबरच निघतंय. कदाचित लाकूड आधी पोहोचेल.

साल काढून, साठ हातांचा ओंडका कुऱ्हाडींनी तासून चौकोनी करायला तीन आठवडे गेले. तेवढ्या वेळात ओढ्यापासून नदीपर्यंत वाट केली. दर दोन हातांवर एक गोल लाकूड आडवं पुरायचं, त्याला मधोमध खोबण, आणि खोबणीत चरबी. चाळीस बैलजोड्या आणल्या, पाच गावांतून. काका सगळ्यांत पुढे. तुला वाटेल, ते चाबूक मारत असतील. चाबूक खांद्यावरच. प्रत्येक बैलाशी नावाने बोलत मागेपुढे करत होते. ऐंशी बैल आपापल्या मनाने ओढू लागले तर ओंडका हलतच नाही, काकांनी मला समजावलं. सगळ्यांचा श्वास एक झाला की हलतो. सकाळभर काहीच झालं नाही. नुसते साखळदंड ताणले आणि सैल पडले. मग काकांनी एक लांब हाळी दिली, ऐंशी माना एकदम खाली गेल्या, आणि ते धूड निघालं. खोबणीतल्या चरबीतून धूर निघत होता. लोक पाण्याच्या घागरी घेऊन बाजूने धावत होते.

नदीपर्यंत नऊ दिवस लागले. वळणावर ओंडका एकदा घसरला आणि एक बैल जायबंदी झाला. काका त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिथे मी पाणी घेऊन गेले, तेव्हा तुझ्याबद्दल बोलले. म्हणाले, त्याला लिहितेस ना, लिही की म्हाताऱ्याने शिव्या परत घेतल्या.

ओंडका पाण्यात गेला तेव्हा सगळा बुडाला. मग नदी फुगल्यासारखी झाली आणि तो वर आला.

तो काठावर होता तेव्हा मी त्याच्या टोकाची वर्तुळं मोजत बसले होते. सातशेपर्यंत मोजली आणि डोळे पाणावले, सोडून दिलं. पण साल काढायच्या आधी बुंध्याची कापून ठेवलेली एक चकती होती, तिच्यावर सालीजवळची शेवटची सात मी नखाने मोजली. माझ्या करंगळीच्या नखाएवढी सगळी मिळून भरली. आपली सात वर्षं थोरल्याच्या हिशेबी तेवढी. आपल्या हिशेबी किती, ते तूच सांगू शकतोस.

बाबा येतायत. कुणाचं ऐकत नाहीत. मुकादमांची गाडी बंदराकडे जातेय, तिच्यात बसले. तुला दिसतील तेव्हा त्यांना तू दिसणार नाहीस, हे ध्यानात ठेव. आधी तू बोल.

ताई

३० एप्रिल

ताई,

तुझी चार पत्रं मी उघडली नव्हती. अक्षर ओळखलं आणि फळ्यांच्या मापाच्या वहीत ठेवून दिली. मग एके दिवशी गिरणीच्या पाण्यात तो ओंडका आला. सगळे काम टाकून धावले. मी गेलो नाही. पण खिडकीतून दिसला. एका खिडकीतून सुरू झाला, तो तिसऱ्या खिडकीत संपला. मग गेलो. तिथे उभ्या उभ्या पहिलं पत्र उघडलं आणि मग चारही तिथेच वाचली. पाचवं तराफेवाल्याने हातात दिलं.

तुझ्यावरचा राग गेला असं लिहिणार नाही. सात वर्षं मी तो काप रोज मनात कापलाय, माझी चूक शोधत. माझ्या हातात ती नव्हतीच, आणि हे जगात दोन माणसांना ठाऊक होतं, दोघंही माझ्या घरातली. लग्नात मी बायकोला सांगितलं होतं, की माझ्या हातून वडिलांचा पाय गेला. हो, लग्न झालंय. मुलगी साडेचार वर्षांची आहे.

पण तू बावीस माणसांसमोर उभी राहून बोललीस. ते मला जमलं नसतं. तेही लिहून ठेवतो.

बाबा त्यानंतर पाचव्या दिवशी आले. फाटकाजवळ काठी धरून उभे, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या पावलांकडे कान देऊन. मी समोर गेलो आणि आधी बोलायचं ठरवूनही तोंडातून शब्द फुटेना. त्यांनीच मान वळवली. म्हणाले, "चालतोस अजून तसाच." मग विचारलं, "काम किती वाजता सुटतं?" सहाला, मी म्हणालो. ते फळ्यांच्या थप्पीवर बसले आणि सहापर्यंत बसून राहिले. घरी येताना वाटेत म्हणाले, तुझी रेघ बरोबर होती. मी म्हणालो, हो. एवढंच झालं आमच्यात. पुरेसं नाही, पण ते अजून जायचं नाव काढत नाहीत, तेव्हा बघू.

मुलीला आजोबा आवडले. त्यांचा ताठ पाय ठोकून बघते, आत लाकूड आहे यावर तिचा पूर्ण विश्वास आहे. काल तिने विचारलं, झाड किती मोठं होतं? ओंडका नाही, अख्खं झाड, शेंड्यासकट. बाबांनी सांगितलं, एकशेवीस हात. तिला वीसपर्यंतच येतं. या घराएवढं? नाही. मग केवढं? बाबा उठले, काठी घेतली आणि म्हणाले, चल, दाखवतो.

आमची गल्ली तुला माहीत नाही. एका टोकाला आमचं घर, दुसऱ्या टोकाला भिंत, मध्ये दोन्ही बाजूंना बारा-बारा दारं. बाबा आमच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, हा बुंधा. मुलीने त्यांचं बोट धरलं. ते चालू लागले, ताठ पाय ओढत, हाताच्या मापाने काठी टेकत, मोठ्याने मोजत. दहाला शेजारीण दारात आली. तिसाला न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला, त्याच्या मागे अर्धी दाढी झालेला माणूस. पन्नासला बाबा थांबून म्हणाले, इथवर एकही फांदी नाही. साठला म्हणाले, तुझ्या बापाच्या गिरणीत आहे ते एवढंच. आणि पुढे निघाले. तोवर सगळी दारं उघडली होती. कुणी विचारलं, काय चाललंय? मी म्हणालो, आमचे वडील आहेत, झाड मोजतायत.

नव्वदला आवाज बसला, तरी मोजत राहिले. शंभर. एकशेचार. काठी भिंतीला लागली. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, ही भिंतच आहे ना याची खात्री केली, आणि वर तोंड करून उभे राहिले. मुलगी कधी भिंतीकडे बघत होती, कधी मागे वळून दूरवर आमच्या दाराकडे.

"आजोबा, संपलं?" तिने विचारलं.

"गल्ली संपली," बाबा म्हणाले. "झाड अजून सोळा हात आहे."

धाकटा